नव्या गिलाव्याची भिंत

मिस्त्रींनी चाळीस वर्षं भिंतींना गिलावा केला. निवृत्त झाल्यावर सगळी पुंजी घालून ते एक जुनं दुमजली घर घेणार होते. वरचा मजला रिकामा, खाली एक शिवणकाम करणारी बाई भाड्याने राहायची. त्या भाड्यावरच म्हातारपण काढायचं होतं.

"अहो, आधी तपासून घेऊ कुणाकडून तरी," बायको म्हणाली.

"चाळीस वर्षं मी काय डोळे मिटून काम केलं?"

"तसं नाही. पण चांगली भिंत दिसली की तुम्हाला दुसरं काही दिसत नाही."

तपासणीला इंजिनिअरबाई आल्या. गच्चीवर चढल्या, टाकीखाली पोटावर सरपटल्या, गटाराची झाकणं स्वतः उचलली. चहाला थांबल्या नाहीत. मिस्त्री सूचना करू लागले, तशा म्हणाल्या, "काका, शिडी धरा. मत नंतर." मिस्त्रींना झोंबलं. पण काम चोख होतं; शिडी त्यांनी घट्ट धरली.

खालच्या खोलीत मात्र त्यांना राहवलं नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरून त्यांनी तळवा फिरवला. "काय हात आहे! कुठे एक लाट नाही."

"आणि नवा गिलावा एवढ्या एकाच भिंतीला कशाला?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

लोक बोलावत, मिस्त्री गिलावा करत. कशाला, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी हातोडी ठोकत वरपर्यंत नेली. छताजवळ आवाज पोकळ झाला. घरमालकाला विचारून वीतभर गिलावा काढला. आत विटा ओल्या गच्च, आणि तुळईच्या टोकाची सळई गंजून पापुद्रे सुटलेली. नळ कित्येक वर्षं झिरपत असणार. बरोबर खाली भाडेकरणीची खाट.

"ती आत्ताच हलवा," बाई म्हणाल्या. एक बाजू मिस्त्रींनीच उचलली.

घरमालकाने कुरकुर करत नळ बदलला, तुळई नव्याने भरून दिली. बाई पुन्हा आल्या, पुन्हा ठोकून पाहिलं, तेव्हाच मिस्त्रींनी सही केली. बाईंना म्हणाले, "पोरी, तू माझं म्हातारपण वाचवलंस. आणि तिचा जीव."

"शिडी चांगली धरलीत, काका."

त्या भिंतीचा गिलावा मिस्त्रींनी स्वतः केला. आयुष्यातला सगळ्यात गुळगुळीत. फक्त नळाच्या सांध्यापाशी वीतभर चौकोन उघडा ठेवला.

"हे काय, अर्धवटच सोडलंत?" बायकोने विचारलं.

"असू दे," मिस्त्री थापी धुता धुता म्हणाले. "तिथून रोज बघणार आहे."