दत्तारामकाकांचे लढाईचे कपाट

दत्तारामकाकांची पुस्तके गेल्या भाद्रपदात नदीत विसर्जित झाली.

काका आज सकाळी गेले.

सकाळपासून त्यांच्या फोटोखाली 'थोर वाचक', 'जय हिंद' असे मजकूर फिरत आहेत. फिरवणाऱ्यांपैकी काहींना मी व्यक्तिशः ओळखतो. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

काका पेणजवळच्या जोह्याचे. नौदलात बॉयलरवर होते. एकाहत्तरची लढाई त्यांनी जहाजाच्या पोटात काढली. निवृत्तीनंतर रोह्याच्या एका कंपनीत पुन्हा बॉयलरच. मी बी.कॉम. होऊन त्याच कंपनीच्या अकाउंट्समध्ये नुकताच लागलो होतो. पेणहून एसटीने आम्ही एकत्र जात असू.

त्यांच्या हातात कायम एकाच प्रकारचे पुस्तक असे. मरीन सैनिकांच्या आठवणी. जहाजातून उतरून परक्या किनाऱ्यावर लढायला गेलेली, आणि परत येऊन ते स्वतः लिहिणारी माणसे. बहुतेक इंग्रजी. काका शब्दकोश मांडीवर ठेवून वाचत.

एकदा मी विचारले, "काका, तुम्ही स्वतः लढाई पाहिलीत. मग हे कशाला?"

"बघितली कुठं? आमी खाली. वर धडाम् झालं की नुसते पाइप हालायचे. जिंकलो का बुडलो, तेपण कोण सांगायचा नाय. वर काय व्हतं ते या पोरांनी लिवलंय. म्हणून वाचतो."

त्यांची निवड अत्यंत कडक होती. सेनापतींची पुस्तके त्यांनी कधीच घेतली नाहीत.

"सायेब नकाशावर लढतो. त्याचे बूट भिजत नाय."

पहिल्याच प्रकरणात शौर्य आले की पुस्तक बंद. पायाच्या चिखल्या, हगवण, मेलेल्या मित्राच्या खिशातली सिगारेट ओढल्याची लाज, हे ज्यात असेल ते पुस्तक खरे.

"ज्याचं पोट बिघडलं नाय, तो तिथं गेलाच नव्हता."

त्यांनी मला दिलेल्या पहिल्या पुस्तकात लढाई जेमतेम दोन पाने होती. घरी परतल्यावर आईशी काय बोलावे हे न सुचणे मात्र पानोपानी. मी म्हणालो, पुस्तकाचा तोल गेला आहे.

काका हसले. "अकौंटवाला तो अकौंटवालाच. अरे, लढाई तेवढीच असते."

त्यानंतर मी त्यांची सगळी पुस्तके वाचली. युद्धाविषयी मला जे काही कळते, ते त्या कपाटातून.

नोकरी संपल्यावर काकांनी ते सारे पेणच्या एका वाचनालयाला दिले. अट एकच. पुस्तके एकत्र, एकाच कपाटात राहावीत.

"भरतीसाठी पोरं पहाटे पळतात ना, त्यांनी जायच्या आदी हे वाचावं. मंग खुशाल जावं."

गेल्या वर्षी, श्रावणाच्या शेवटी, आम्ही दोघे वाचनालयात गेलो. कपाटात ट्रॉफ्या होत्या.

ग्रंथपाल बाई उत्साहाने म्हणाल्या, "काका, ती इंग्लिश होती ना, कोण नेतच नव्हतं. कमिटीनं पर्यावरणपूरक बाप्पासाठी दिली. कागदाचा लगदा करतात ना! पुण्य तुम्हालाच लागलं की."

ती कोणाला दिली, एवढेच काकांनी विचारले. आम्ही रिक्षाने जोह्याला आलो. गणपतींचा कारखाना काकांच्याच आळीत. मूर्तिकार संदेश त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेला.

"तुमची व्हती ती? आवो काका, पोत्यांत भरून आली. मला म्हटले रद्दी हाय. जुना कागद, भिजतो पण झकास."

"थोडी उरलीत काय रे?"

"नाय. सगळा लगदा झाला."

समोर फळीवर मूर्ती उभ्या होत्या. काका त्यांच्या जवळ गेले.

"डोळे लिवलेस?"

"कालच."

आमच्याकडे डोळ्यांची आखणी झाली की त्या मूर्तीला कोणी वस्तू म्हणत नाही. तिच्यासमोर आवाजही चढवत नाही. काकांच्या ओठावर शिवी आली होती. ती त्यांनी गिळली. चपला काढल्या. हात जोडले.

"तुझी चूक नाय रे, संदेश. पन आता मी भांडू कोनाशी?"

पुस्तके जाळली असती तर निषेध करता आला असता. त्यांचा देव केल्यावर तोही मार्ग उरत नाही.

तरीही मी कमिटीच्या अध्यक्षांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, शिकलेली माणसं तुम्ही. बाप्पाच्या कामात खोट काढू नका."

त्यांतली एक मूर्ती कमिटीनेच बसवली. आरतीचे फोटो ग्रुपवर आले. विसर्जनाचेही आले. पुस्तके इतक्या गाजावाजाने नष्ट झालेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

काका पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत. नवे पुस्तक आणून देतो म्हटले, तर म्हणत, "ऱ्हाऊ दे. वाचून ठेवू कुठं?"

आज अंगणात सगळी तयारी झाली होती. अध्यक्ष मोठा हार घेऊन आले. काकांना उचलण्यापूर्वी दोन शब्द बोलायची त्यांनी परवानगी मागितली, आणि ती मिळण्यापूर्वीच बोलू लागले. काका देशभक्त होते. काका व्यासंगी होते. वाचनालयातल्या त्या कपाटाला काकांचे नाव देण्याचे कमिटीने ठरवले आहे.

ओटीवरून काकूंनी विचारले, "त्या कपाटात आता काय हाय?"

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिले.

"सध्या... ट्रॉफ्या आहेत, काकू."

"मंग ज्यांच्या ट्रॉफ्या त्यांचं नाव द्या. ह्यांचं नको."

अध्यक्ष हार हातात धरून तसेच उभे राहिले. संदेशने पुढे होऊन खांदा दिला. आम्ही निघालो.

काकूंनी सांगितले त्यापुढे माझ्याजवळ वेगळी श्रद्धांजली नाही.

दत्तारामकाका, अखेरचा नमस्कार.