नत्थू मार्करचा कोंडलेला दम

टेनिस क्लबातला मार्कर म्हणजे पगारी खेळाडू. साहेबांना सोबती मिळाला नाही की त्यानं खेळायचं, त्यांना फार पळवायचं नाही, आणि जिंकायचं तर मुळीच नाही. आमच्या नत्थू मेश्रामनं ही नोकरी अठरा वर्षं केली. पहिल्याच महिन्यात एका वकीलसाहेबांनी त्याला झापलं होतं, "फटका मारताना इंजिनासारखा फुसफुसतोस काय? सभ्य माणसांचा खेळ आहे हा." नत्थूनं कानाला खडा लावला. तेव्हापासून तो श्वास कोंडून खेळे. मुलीला, गोपिकाला, शिकवलं तेही तसंच. साहेब एक शब्द बोलून घरी जेवायला जातो आणि इकडे दोन पिढ्या गळा आवळून घेतात. मला तर चीडच येते.

१९७४च्या मार्चमधला, आमच्याच क्लबात भरलेल्या निवड स्पर्धेचा अंतिम सामना. जिंकली तर गोपिका विदर्भाच्या संघात. तिसऱ्या सेटमध्ये ती तीन-पाच अशी मागे होती. समोरची मुंबईला शिकून आलेली मुलगी प्रत्येक फटक्याला खुशाल 'हाः' करून श्वास सोडत होती आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं. गोपिकाचा चेहरा लालबुंद, खांदे ताठ. लागोपाठ दोन डबल फॉल्ट, म्हणजे सर्व्हिस चुकून दोन गुण फुकट गेलेले. अजून दोन गुण गेले की खेळ खलास.

कुंपणाशी उभ्या नत्थूला आता कळलं. चूक पोरीची नव्हती, त्याची होती. पण सामना चालू असताना बाहेरून सांगायची बंदी, आणि मार्करनं तर तोंडच उघडायचं नाही. गोपिकानं सर्व्हिससाठी चेंडू हातात घेतला.

"श्वास सोड वं बाई!" नत्थू ओरडला. "चेंडू वर जाते तवा घे, अन् मारतानी सोड. मोठ्यानं सोड!"

पंचांनी खेळ थांबवला. पहिल्या रांगेतून तेच वकीलसाहेब गरजले, "नत्थू, बाहेर हो!"

तो फाटकाबाहेर गेला. मेंदीच्या कुंपणातून काही दिसेना, नुसतं ऐकू येई. आधी काहीच नाही. मग 'हूः' आणि फटका. पुन्हा 'हूः'. पंच आकडे सांगत होते. चार-पाच. पाच-पाच. सहा-पाच. सात-पाच ऐकलं तेव्हा नत्थू खालीच बसला.

गोपिका धावत बाहेर आली.

"माफ कर वं पोरी," तो म्हणाला. "तुहा दम मीच कोंडून ठेवला."

"कॉलेजात खेळतानी सुटतोच बाबा श्वास," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्यासमोरच कोंडत होती. तुम्हाले वाईट वाटन म्हणून."