स्कॉटिश चीफचा शब्द

सिंगापूरमध्ये तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, शनिवारी सकाळी भेटणारे काका पूर्वी जहाजावर इंजिनिअर होते. कॉफीवालीच्या फ्रीजला तळहात लावून “कॉम्प्रेसर दमलाय ह्याचा” म्हणायचे, आणि आठवड्याभरात तो बंद पडायचाच.

“कसे आहात काका?” विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, “थोल करतोय.” हे जुनं स्कॉटिश क्रियापद त्यांना जहाजावरच्या त्यांच्या स्कॉटिश चीफ इंजिनिअरकडून मिळालेलं. “फार पूर्वी थोल म्हणजे शिक्षा भोगणं. मग दुखणं सोसणं. आता नुसतं चालवून घेणं. शब्दपण झिजतात रे!” ही गोष्ट मी दहादा ऐकली, हसलो. त्यांचं यातलं कुठलं, हे कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात बोलता बोलता त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात चांगलाच कढत होता. मला ऑफिसचा कॉल होता.

पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामी. “अंकल नो मोर. सिक व्हेरी लाँग ऑलरेडी,” कॉफीवाली म्हणाली.

तळहाताने मशीनचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाने स्वतःचा तळहात माझ्या हातावर ठेवला होता, आणि मी एवढंच विचारलं होतं, “काका, निघू मी?”