घुमटाच्या पायरीवरचं ऊन

लतिका देवस्थळीनं लग्न का केलं नाही, यावर दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांत निदान सात कथा होत्या. त्यातल्या चार मीच पसरवल्या. शेजारच्या वासंतीवहिनी मात्र एका वाक्यात निकाल लावत, “तिचं लग्न झालंय हो, त्या घुमटाशी!”

घुमट म्हणजे क्वार्टरांच्या मधोमध उभी असलेली जुनी कबर. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही. हिवाळ्यात तिच्या पायऱ्यांवर बायका ऊन खात, स्वेटर विणत, मटार सोलत. इस्त्रीवाली किशनोही दुपारी तिथंच टेके. लतिका सरकारी आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायची. जुनी वास्तू जपायची ती वापरणाऱ्या माणसांसकट, हा तिचा विषय. परदेशात तिचे लेख वाचत. इथं ती ‘कबरवाली मॅडम’.

मग क्वार्टरं पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि घुमटाभोवती कुलूपबंद जाळी घालायचंही. लतिका पेटली. नकाशा घेऊन दारोदार फिरली: तुम्ही कुठं बसता, खूण करा. किशनोनं कागद मागे सारला. “हमसे क्या पूछना, मैडम?”

“तुमसे ही पूछना है.”

अकरा वर्षं ती बैठकांना जात राहिली. तोवर क्वार्टरं पडून टॉवर उभे राहिले, पायऱ्यांवरच्या बायका पांगल्या. कुणी द्वारकेला, कुणी मुलाकडे गुरुग्रामला. किशनो गावी गेली. लतिका जिंकली. घुमट जाळीविना खुला राहिला, अगदी गुडघेदुखीवाल्यांसाठी उतार आणि कठड्यासकट.

गेल्या जानेवारीत मी द्वारकेहून मुद्दाम बघायला गेलो. बारा वाजले तरी पायऱ्यांवर गार सावली. लतिका एकटीच, शाल गुंडाळून.

“काय मॅडम, सासरी कुणीच नाही?”

ती हसली नाही. “कोण कुठं बसतं, सगळं आखलं होतं, विश्वासराव. टॉवरची सावली आखायची राहिली. मी नुसती जाळीशीच भांडत बसले.”

“आणि टॉवरमधले लोक?”

“त्यांना बाल्कनीत ऊन आहे.”

“मग तुम्ही इथं कशाला कुडकुडताय?”

“साडेबाराला येतं. वीस मिनिटं.”

खरंच आलं. दोन टॉवरांच्या फटीतून, एकाच पायरीवर. लतिका सवयीनं सरकून कडेला झाली. मधे चार बायका मावतील एवढी जागा. त्यातल्या एकीची जागा मी अडवली.

पुढची वीस मिनिटं मला तिच्याबद्दल एकही नवी कथा सुचली नाही.