उलट्या गेरातली पिकप

लग्न होऊन मी नांदेडहून शिरूर अनंतपाळला आले, तेव्हा सासरच्या अंगणात सगळ्यात मानाची जागा पिकपची होती. कडुनिंबाची सावली तिच्या हक्काची. म्हशीला तिच्या मागच्या चाकाजवळ जेवढी सावली उरेल तेवढ्यावर भागवावं लागायचं. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. तोंड गोल, दिवे बटबटीत, रंग कधीकाळी हिरवा असावा. आमच्या आडत दुकानाचा माल तिच्यातूनच जायचा. अप्पा सकाळी लिंगपूजा करून कपाळाला विभूती लावायचे आणि बोटांना उरलेली पिकपच्या बोनटला पुसायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणायच्या, इतक्या वर्षांच्या संसारात ती बोटं आपल्याकडे काही वळली नाहीत.

लातूर तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. कचेरीच्या कामाला आता जवळ जायचं म्हणून गावात सगळे खूश होते. पण पावसानं पाठ फिरवली आणि ती खुशी मागे पडली. भाजी-माळवं संपलं, दुकानात माल येईना, आडातली बादली खडखडत तळाला लागायला लागली. घरणी नदीच्या पात्राजवळ अप्पांच्या भावकीतल्या एकाच्या विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. पिकपच्या पाठीवर लोखंडी टाकी बसवून तिथून पाणी आणायचं आणि गल्लीला वाटायचं, असं अप्पांनी ठरवलं. पण भरलेली टाकी घेऊन नदीकाठचा चढ आला की त्या जुन्या पेट्रोल इंजिनाला धाप लागायची. ते खोकायचं, काळा धूर सोडायचं आणि मध्येच थांबायचं. मग मागं चालणारी माणसं ढकलायला लागायची आणि अप्पा आतून, तिला जरा दम खाऊ द्या, असं सांगायचे.

आमच्या यांना यंत्रांचं भारी वेड. म्हणजे यंत्र उघडायचं वेड. बंद करायचं काम बहुतेक वेळा दुसऱ्या कुणावर तरी यायचं. घरातला रेडिओ दोन डब्यांत राहायचा. शिलाईच्या मशीनला तर मी यांचा हात लागू देत नव्हते.

त्या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला आम्ही नांदेडला गेलो. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले आणि हे मांडवातून गायब झाले. जेवणाच्या पंगती उठल्या तरी पत्ता नाही. संध्याकाळी आले ते कोपरापर्यंत ग्रीस लावून. बरोबर एक जाडजूड गृहस्थ होते. दाढीला मेंदी, खिशात पाना. ते नांदेडच्या गॅरेजवाल्यांमधले उस्ताद होते. कुठल्याशा अपघातात एक नवाकोरा डिझेल टेम्पो मागून चेपला होता आणि त्याचं इंजिन शाबूत राहिलं होतं. ते इंजिन यांनी घेतलंही होतं. पाहुण्यांसमोर मी काय बोलणार. एवढंच विचारलं, की हे अप्पांना सांगून ठरवलंय का. हे म्हणाले, "आता सांगायचंच हाय."

परत येताना भाड्याच्या गाडीत पुढे मी, हे आणि उस्ताद, आणि मागे माहेरच्या लाडवांच्या डब्याला खेटून ते इंजिन. गावात शिरल्याशिरल्या बातमी पसरली, की नांदेडच्या सुनेनं माहेराहून इंजिन आणलं. पुढं कित्येक दिवस आडावर बायका मला विचारायच्या, की आमच्याकडे मुलीला हेच देतात का.

अप्पा आले, त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी घातली आणि ओट्यावर जाऊन बसले. रात्री ताटावर बसल्यावर यांना म्हणाले, "मला धाप लागते म्हणून उद्या माझं काळीज बी बदलशील का?"

आत्याबाईंनी वाढता वाढता सांगितलं, की काळीज बदलून पाणी येणार असेल तर बदलायला काय हरकत आहे. अप्पांनी भाकरी संपवली. उठताना एक अट घातली, की काय करायचं ते करा, पण तिचं तोंड कापायचं नाही. आणि त्या गाडीत मी बसणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. कडुनिंबाच्या जाड फांदीला चेनपुली बांधली. जुनं इंजिन वर निघालं तेव्हा अप्पा पाठ करून बसले होते. उस्तादांनी ते भंगारात घालायचं का असं विचारलं. संध्याकाळी बघितलं तर अप्पांनी ते दुकानात, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांवर नीट ठेवलेलं आणि वरून घोंगडी पांघरलेलं. उन्हाळ्याच्या दिवसांत आत्याबाईंनी विचारलं, की त्याला थंडी वाजते का.

नवं इंजिन जुन्यापेक्षा लांब निघालं. पुढे रेडिएटर सरकवायला जागा नाही, कारण तोंड कापायचं नव्हतं. मग उस्तादांनी आणि यांनी आतला पत्रा घणानं ठोकून मागे सारला. त्यामुळे चालवणाऱ्याला दोन्ही गुडघे डावीकडे ठेवून बसावं लागायचं, नवी नवरी बसते तसं. एवढं करूनही बोनट पूर्ण मिटेना. ते सुंभाच्या दोरीनं बांधलं.

त्यानंतर उस्तादांनी सांगितलं, की डिझेलचं इंजिन सावकाश फिरतं, तेव्हा मागच्या आक्सलातले दातेही बदलावे लागतील, नाहीतर गाडी बैलाच्या चालीनं जाईल. दाते बदलायला सगळा आक्सल खाली उतरवला. तो परत चढवायच्या दिवशी दोघांत वाद झाला. हे म्हणत होते की आक्सल असा धरायचा, उस्ताद म्हणत होते की तसा. शेवटी कोणाचं कोणी ऐकलं हे मला माहीत नाही. मी तेव्हा पीठ मळत होते. पुढं दोघंही एकमेकांचं नाव घ्यायचे, आणि दोघंही मनापासून.

गाडी सुरू करायचा दिवस यांनी आधीच गल्लीभर सांगून ठेवला होता. सकाळपासून घागरी, हंडे, तेलाचे डबे आमच्या दारासमोर रांगेत येऊन बसले. माणसं सावलीला उभी. अप्पा ओट्यावर, हातात तंबाखूची डबी. यांनी गुडघे डावीकडे वळवून चावी फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन धडधडायला लागलं. कडुनिंबावरची चिमणी उडाली, म्हैस दावं ओढायला लागली. असा दणकट आवाज आमच्या अंगणानं ऐकला नव्हता. उस्ताद दाढीवरून हात फिरवून यांच्याकडे बघत होते.

अप्पांना राहवलं नाही. ते उतरून आले, खिडकीतून हात घालून त्यांनी चावी बंद केली. इंजिन चालूच. त्यांनी चावी काढून हातात घेतली. तरी चालूच. अप्पांनी हातातल्या चावीकडे बघितलं आणि मग यांच्याकडे. "ह्ये माझं ऐकत न्हाई," ते म्हणाले. डिझेलचं इंजिन चावीनं नाही, तार ओढून बंद करतात, हे उस्ताद त्यांना समजावून सांगत होते, पण अप्पा चावी खिशात टाकून ओट्यावर परत गेलेसुद्धा.

मग यांनी पहिला गेर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली.

यांना वाटलं चुकून रिव्हर्स पडला. परत पहिला टाकला. गाडी आणखी मागे गेली. दुसरा टाकला तर जास्त वेगानं मागे. आत्याबाईंनी पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गोवऱ्यांचा हुडवा मागे होता. गाडी त्यात घुसली आणि अर्धा हुडवा टाकीवर येऊन पडला. रांगेतली माणसं हसायची कशी म्हणून तोंडाला पदर, उपरणी लावून उभी. उस्ताद खाली वाकून आक्सलाकडे बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आक्सल खालचा वर बसला होता. त्यामुळे चाकं उलटी फिरत होती. सगळे पुढचे गेर मागे जाणारे, आणि पुढे जाणारा एकच, रिव्हर्सचा.

परत उतरवून बसवायला दोन दिवस तरी लागतील, असं उस्ताद म्हणाले. हे स्टेअरिंग धरून तसेच बसून राहिले. घागरी घेऊन आलेली माणसं जात नव्हती. एका म्हाताऱ्या बाईनं आपला हंडा उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. मला यांची खरंच दया आली. इतके दिवस हसले होते मी, तेव्हा हसू आलं नाही.

अप्पा ओट्यावरून उठले. गाडीजवळ येऊन त्यांनी उस्तादांना विचारलं, की त्या उलट्या गेरावर गाडी टाकीचं वजन ओढेल का. उस्ताद म्हणाले, ओढेल, तो गेर ताकदीचा असतो, पण चाल माणसाच्या पायाची.

"मग माणसाच्या पायानंच जाऊ," अप्पा म्हणाले. "पाण्याला कुठं घाई हाय."

त्यांनी दार उघडलं, यांना सरकायला सांगितलं आणि स्वतः स्टेअरिंगला बसले. बसणार नाही म्हणाले होते, त्याची आठवण कुणीच करून दिली नाही, आत्याबाईंनीसुद्धा. इंजिन बंद करायची तार अजून कुठं बांधली नव्हती, ती सीटखालून लोंबत होती. ती धरायला कुणीतरी हवं म्हणून मी चढले. अप्पांसमोर पदर सावरत, हातात ती तार घेऊन मी नदीपर्यंत गेले.

रिव्हर्सच्या गेरात पुढे जाणारी गाडी मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली. ती कण्हत कण्हत चालली होती. गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंनी आमच्याबरोबर चालत होती आणि गप्पा मारायला त्यांना खिडकी सोडायचीही गरज नव्हती. एकानं तंबाखू मागितली, अप्पांनी चालत्या गाडीतून दिली. विहिरीवर टाकी भरली. परतीच्या वाटेवर तो चढ आला. हे ओठ दातांखाली धरून बसले होते. मी तार इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडी थोडी थरथरली आणि तशीच, त्याच चालीनं, वर चढून गेली. कुणीही ढकललं नाही.

अप्पा समोर बघतच म्हणाले, "ताकदीचं हाय. आवाज लई करतंय, पण हाय."

यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झाले होते.

पाणी संध्याकाळपर्यंत वाटलं. आक्सल दोन दिवसांनी सरळ बसला. उस्ताद नांदेडला परत निघाले तेव्हा आत्याबाईंनी भाकरी आणि ठेच्याची शिदोरी बांधून दिली. गोवऱ्यांचा हुडवा मात्र यांना एकट्याला रचायला लावला.

इंजिन बदलल्याची नोंद करायला आम्हाला पुढे लातूरला जावं लागलं. अप्पांनी हट्टानं मलाही बरोबर घेतलं, तार आता जागेवर बसली होती तरी. काम झालं, गाड्या तपासणाऱ्या साहेबांनी गाडी पुढे-मागे चालवून बघितली आणि ती दोन्हीकडे नीट गेली. यांनी सोडलेला निःश्वास मला बाहेर ऐकू आला. मग अप्पा म्हणाले, आलोच आहोत तर नवी कलेक्टर कचेरी बघू.

कचेरीच्या फाटकाजवळ पट्टेवाल्यानं आम्हाला अडवलं. त्यानं दोरीनं बांधलेलं बोनट बघितलं, मागची टाकी बघितली. गाडी कुणाची, कशाला आलात, असं काही विचारलं नाही.

"पाणी हाय का त्यात?" तो म्हणाला.

टाकीच्या तळाशी वाटेत लागेल म्हणून ठेवलेलं पाणी होतं. अप्पांनी हो म्हटल्यावर तो आत गेला आणि दोन माठ घेऊन आला. मागून आणखी एक पट्टेवाला कळशी घेऊन आला. अप्पा टाकीची तोटी सोडून उभे राहिले, आणि माठ भरताना त्या दोघांना इंजिन कुठलं, कसं बसवलं, चढ कसा चढलं, हे सगळं अगदी बारकाव्यानं सांगत राहिले. उलट्या गेराचं तेवढं त्यांनी सांगितलं नाही.