विहीणबाईंनी पाठवलेलं सूत

लोक मला विचारतात, सुनेच्या माहेरी जाऊन आलात का? मी सांगते, दीड वर्ष दर रविवारी जात होते. व्हिसा लागला नाही, विमान लागलं नाही, कोविडच्या तपासणीची काडीसुद्धा नाकात घालून घ्यावी लागली नाही. सिडनीजवळच्या वेंटवर्थव्हिलमधल्या आमच्या घरात डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीला फोन टेकवला की मी पोचलेच.

सुनेचं माहेर चीनच्या अगदी दक्षिण सीमेवर, शिश्वांगबान्नामध्ये आहे. पलीकडे लगेच लाओस आणि म्यानमार. दाट पावसाळी जंगल, मेकाँग नदी आणि दाय लोकांची गावं. सून त्या दाय लोकांपैकी. सिडनीत शिकायला आली, युनिमध्ये माझ्या मुलाला भेटली, आणि साथ सुरू झाली त्याच वर्षी दोघांनी लग्नाचं सांगितलं. तेव्हापासून ती आमच्याच घरी, माझ्या लेखी सूनच. पुण्याच्या एका नातेवाईक बाईंनी फोनवर नाक मुरडलं. "चिनी? तेही या दिवसांत?" मी म्हटलं, "हो, चिनी. आणि तुमच्या सुनेपेक्षा पोळ्या गोल लाटते." हे तेव्हा साफ खोटं होतं. आता खरं आहे.

पण मला खरा अभिमान विहीणबाईंचा. इथल्या दुकानात भेटणाऱ्या बायका "मुलीकडचे काय करतात?" असं विचारतात, तेव्हा त्यांना डॉक्टर नाहीतर इंजिनियर ऐकायचं असतं. मी सांगते, विहीणबाई रबराच्या झाडांचा चीक काढतात. उजाडायच्या आत डोक्याला दिवा बांधून ही बाई एकटी टेकडी चढते, एकेका झाडाला चीर देते आणि नंतर वाट्यांत साठलेला चीक गोळा करून आणते. नवरा लवकर गेला. त्या चिकावर तिने मुलीला समुद्रापार शिकायला पाठवलं. हे सांगताना माझा आवाज जरा चढतोच.

पहिल्या रविवारी विहीणबाई फोन घेऊन जिन्याशी उभ्या राहिल्या. त्यांचं घर लाकडी खांबांवर उभं, खाली मोटरसायकल आणि कोंबड्या, वर माणसं. त्यांनी जिन्याखाली चपला काढल्या. सून म्हणाली, "वर जाताना काढायच्याच." मीही टेबलाखाली माझ्या सपाता काढून ठेवल्या. माझा नवरा हसला, तर हसू दे. वर गेल्यावर एका दाराशी विहीणबाईंनी कॅमेऱ्यावर तळहातच ठेवला. ती झोपायची खोली होती. दाय घरात पाहुण्याने तिथे डोकावायचं नसतं, अगदी फोनमधूनसुद्धा. मला हे फार आवडलं. आमच्याकडे येणारे पाहुणे "घर बघू या" म्हणत थेट कपाटापर्यंत जातात.

मग दर आठवड्याला नवीन जागा. घरामागे केळी, पलीकडे रबर आणि त्याच्याही पलीकडे खरं जंगल. तिथल्या झाडांचे बुंधे फोनमध्ये मावत नसत. सगळीकडे ओल इतकी की विहीणबाई पदराने, म्हणजे त्यांच्या लुंगीसारख्या वस्त्राच्या टोकाने, सारखी काच पुसायच्या. एकदा मी ओरडले, "अगं, फणस!" त्यांना शब्द कळला नाही, पण त्यांनी फणसावर थाप मारून दाखवली, पिकलाय की नाही ते बघायला मारतात तशी. मीही इथून टेबलावर थाप मारली. आम्हा दोघींच्या पहिल्या गप्पा त्या.

सिडनीच्या दुसऱ्या मोठ्या लॉकडाऊनमध्ये, सप्टेंबरात, मोजक्या पाहुण्यांचं लग्न चालेल असा नियम निघाला. मुलगा धावत आला. "आई, नेक्स्ट वीकेंडलाच करून टाकू."

"चातुर्मासात? मुळीच नाही."

"आई, पॅंडेमिक चालू आहे! कोण बघतंय चातुर्मास?"

तेवढ्यात सून चाचरत म्हणाली, "ॲक्चुअली, माझी आई पण नो म्हणते." त्यांच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू विहार सोडून जात नाहीत आणि तोवर गावात कुणाचं लग्न लागत नाही. मी मुलाकडे नुसतं पाहिलं. दोन आयांपुढे त्याचं काय चालणार? लग्न नोव्हेंबरअखेरीवर गेलं.

नोव्हेंबरपर्यंत आमचं लॉकडाऊन उठलं, पण चीनचं दार बंदच होतं. विहीणबाई येऊ शकणार नव्हत्या. हे नक्की झालं त्या रविवारी त्यांनी जंगल दाखवलं नाही. चटईवर बसून बराच वेळ बोलल्या आणि सून मला सांगत गेली. दाय लग्नात वडीलधारी माणसं नवरानवरीच्या मनगटाला पांढरं सूत बांधतात. माणूस घर सोडून जातो तेव्हा त्याचा जीव मागे रेंगाळतो, त्याला सुताने बांधून घ्यायचं. मुलगी एकोणिसाव्या वर्षी गेली ती परत आलीच नाही, तिचा जीव वाटेतच कुठेतरी लोंबकळतोय, असं त्या आईला वाटत होतं. सूत माहेरचं हवं आणि हात आईचा हवा. "आई म्हणते, तिचा हात पोचत नाही. तुम्ही बांधाल का?"

"मी आहे ना!" मी म्हटलं. आमच्याही लग्नात दोघांभोवती सूत गुंडाळून त्याचं कंकण बांधतात, मला काय नवीन?

सूत आधीच निघालं होतं. परसातला कापूस विहीणबाईंनी स्वतः कातला होता आणि ते सूत ऑगस्टमध्येच पोस्टात टाकलं होतं. पार्सल कुठे अडकलं होतं देव जाणे. सून रोज फोनवर ट्रॅकिंग बघायची. लग्नाच्या चार दिवस आधी ते आलं. आत मऊ, किंचित जाडंभरडं, पांढरंशुभ्र सूत. सुनेने ते नाकाशी धरलं, मग माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडे ठेवा," म्हणाली.

आणि मी काय केलं? लग्नाच्या आदल्या दुपारी हळद कालवत होते. शेजारी ताटात ते सूत. शुभकार्याला कोरं पांढरं सूत? हळद लावल्याशिवाय? असं करू नये हे मला कुणी शिकवलेलं नाही, हातालाच ठाऊक आहे. मी ती लडी हळदीत बुडवली, छान पिळली आणि दोरीवर वाळत घातली. वर समाधानाने बघत राहिले, बाई, किती सुंदर दिसतंय!

सून बाहेर आली आणि दोरीखाली थांबली. "आई... ते व्हाइट असतं."

"अगं, पण..."

"इट्स ओके. नो वरीज." ती आत गेली. बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहिला.

नवरा म्हणाला, "विचारायचं तरी होतंस!" मुलगा माझ्याकडे न बघता तिच्यामागे आत गेला, ते जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी लडी साबणाने धुवायला घेतली, तर ती लालभडक झाली. घाबरून लिंबू पिळलं तेव्हा पुन्हा पिवळी. पांढरी होईना. दुकानातून पांढरा दोरा आणता आला असता, पण तो त्या आईने कातलेला नव्हता. जन्मभर मी कुणाची माफी सहसा मागितलेली नाही, माझा स्वभावच नाही तो. त्या दुपारी सुनेच्या दारावर टकटक करून मागितली. तिने मला मिठी मारली, पण तिचे डोळे सुजलेलेच होते.

सकाळी मागच्या अंगणात लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मग पाटासमोर खुर्चीवर फोन ठेवला. विहीणबाई नटून बसल्या होत्या, केसांत फूल, मागे गावातले चार वडीलधारे. सून काही बोलायच्या आत मीच लडी कॅमेऱ्यापुढे धरली.

"सांग त्यांना," मी सुनेला म्हटलं. "माझ्या हातून चूक झाली. आमच्यात हळदीशिवाय शुभ होत नाही म्हणून मी न विचारता रंगवलं. सगळं सांग, काही लपवू नकोस."

तिने सांगितलं. विहीणबाईंनी फोन जवळ घेऊन सूत नीट पाहिलं, काहीतरी विचारलं. "विचारतेय, कशाचा रंग." मी स्वयंपाकघरातून हळकुंड आणून दाखवलं. त्या उठल्या आणि चौकटीबाहेर गेल्या. नुसती रिकामी चटई दिसत राहिली. इतक्या लोकांसमोर बाई उठून गेली, आता हे लग्न त्यांच्या लेखी लागलंच नाही, असं मला वाटलं.

त्या परत आल्या तेव्हा हातात मातीने भरलेला ओल्या हळदीचा गड्डा होता, त्यांच्याच परसातला. मांडीवर पांढऱ्या सुताची एक लडी होती. सून दचकून म्हणाली, "तिने अर्धं ठेवलं होतं! मला माहीतच नव्हतं." विहीणबाईंनी हळद मोडली आणि ते पांढरं सूत तिच्यावर घासायला लागल्या. चिरा देऊन देऊन राठ झालेली ती बोटं पिवळी होत गेली आणि सूतही. सगळं पिवळं झाल्यावर त्यांनी एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून बोलल्या.

सुनेने आईला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "आई म्हणते, आता बांधा. ती तिकडून सोडणार नाही. तुम्ही इकडून सोडू नका."

अशी विहीण मला मिळाली. मी सुनेचा हात हातात घेतला आणि गाठ मारली. एकीवर भरवसा वाटेना, म्हणून तीन मारल्या.