सातवं रीळ

१९८७, फेब्रुवारीतला शनिवार. रक्कम चारशे अठरा रुपये. हजर तिघे — तंबूचे मालक नाना, ऑपरेटर भिका आणि मी. या तीन गोष्टी मी आजवर कुणाला एका दमात सांगितलेल्या नाहीत. बायकोला नाही, मुलांना नाही. सिंधूला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

सिंधू माझी धाकटी बहीण.

आधी तंबूचं सांगतो. म्हणजे मला थोडा वेळ मिळेल.

आमच्याच गावी, भडगावला, गिरणेच्या काठी मोकळ्या जागेत नानांची फिरती टॉकीज लागायची. कापूस विकून झालेला असायचा, हातात पैसा असायचा, म्हणून आम्ही नेमके त्याच दिवसांत यायचो. तिकिटं फाडणं, गल्ला मोजणं, कर भरणं हे माझं काम. अंधार पडला की भिका यंत्र सुरू करायचा आणि तंबूभर एक पांढरा झोत पसरायचा. त्यात धूळ तरंगायची, बिड्यांचा धूर तरंगायचा. नदीकडून वारा आला की पडदा फुगायचा आणि पडद्यावरच्या बाईचा चेहरा श्वास घेतल्यासारखा वर-खाली व्हायचा. कनातीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मांडीवर झोपलेली पोरं. मला अजून स्वप्नात तो चेहरा दिसतो. फुगलेला, मग खोल गेलेला. काहीतरी सांगायला आलेला — आणि तेवढ्यात रीळ संपतं.

आता हिशेब. आमच्या तंबूचा करमणूक कर आठवड्याला ठोक होता. खेळ चार करा नाहीतर चाळीस करा, कर तेवढाच. याचा अर्थ कळतो ना? जादा खेळाचा पैसा जवळजवळ सगळा घरात. पण परवान्याप्रमाणे रात्री दोनला तंबू बंद झाला पाहिजे. अंधार पडल्यापासून दोनपर्यंत दोन खेळ आरामात बसत. तिसरा थोडक्यात हुकायचा. प्रत्येक खेळातून एक रीळ गाळलं, अठरा मिनिटांचं, की तिसरा बसायचा.

हे गणित नानांनी केलं नाही. मी केलं.

त्या आठवड्याला आमच्याकडे एक मराठी कौटुंबिक सिनेमा होता. बायकांची झुंबड. लांबलांबच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. मी नानांपुढे आकडे ठेवले. भिका कुरकुरला, की लोक तंबू जाळतील. नाना हसले. सगळा सिनेमा दाखवायची सक्ती थोडीच आहे, अशा सुरात म्हणाले, “आरे, बठ्ठा सिनेमा दखाडा आसं सरकारनी सांगेल शे का? गानं कापू नको, मारामारी कापू नको. मंग कोन बोंबलस?”

म्हणून मी आठही रिळं बसून पाहिली आणि गाणं नसलेलं, मारामारी नसलेलं रीळ शोधलं. सातवं. त्यात काहीच नव्हतं हो — असं मला वाटलं. नवऱ्याने मारलेली बाई पोर घेऊन घर सोडते. गावात एक खोली भाड्याने घेते. शिलाई मशीन चालवते. वर्षं जातात, पोर शाळेत जातं. बस. आठव्या रिळात पोर शाळेत गेलेलं, नवरा दारात हात जोडून उभा, ती दार उघडते, शेवटचं गाणं.

सातवं काढलं, तर काय झालं? सहाव्यात तो मारतो, ती उंबऱ्याशी पडते. आणि लगेच तो हात जोडून उभा. ती दार उघडते. दार कुणाचं? सिनेमात तिच्या स्वतःच्या खोलीचं. आमच्या तंबूत ते सासरचं झालं. कुणी ओरडलं नाही. उलट बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडल्या. तिसऱ्या खेळाचा गल्ला चारशे अठरा. त्यात माझा वाटा होता.

आणि त्या शनिवारी पहिल्या खेळाला, कनातीपलीकडे, सिंधू बसलेली होती.

तीन महिने झाले होते तिला माहेरी येऊन. धुळ्याला दिलेली. जावई हात टाकायचा. एकदा भर थंडीत बाहेर काढून कडी लावली, तेव्हा वर्षाच्या पोरीला घेऊन ती भडगावला आली. तिला शिवणं येत होतं. बाजारपेठेत एक बाई आपलं जुनं मशीन विकणार होती. सिंधू दोनदा जाऊन ते बघून आली होती, पायडल मारून आली होती. मला म्हणाली होती, भाऊ, बोलून बघ ना तिच्याशी.

मी बोलणार होतो. आठवडाभर बोलणारच होतो.

सिनेमा सुटल्यावर मी दुसऱ्या खेळाआधी तिला घरापर्यंत सोडायला गेलो. पोर माझ्या खांद्यावर. नदीच्या वाळूतून आम्ही चाललो होतो. चांदणं इतकं होतं की वाळू पाण्यासारखी दिसत होती, आणि मागे तंबूतून गाण्याची तबकडी ऐकू येत होती, कधी जवळ, कधी लांब. ती म्हणाली, “सोसं तं मानूस येस, भाऊ. दखं ना तू?”

दखं ना तू.

मी सगळं पाहिलं होतं. तंबूत ते सगळं पाहिलेला भिकाशिवाय मी एकटाच. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं — सिंधू, मधलं एक रीळ आम्ही गाळलंय. तुम्ही विचाराल, मग का नाही बोललास? नोकरीची भीती? नाही. नाना हसून सोडून देणारा माणूस होता.

खरं सांगायचं तर तिचं परत जाणं मला परवडत होतं.

माझं लग्न ठरत होतं. जळगावला डाळमिलमध्ये जागा मिळणार होती, एका खोलीत संसार मांडायचा होता. मशीनचे पैसे, तिचं आणि पोरीचं धान्य, पुढे पोरीची शाळा, हा आकडा मी मनात मांडून ठेवला होता. तो मला झेपत नव्हता. निदान तेव्हा तसं वाटत होतं. आणि आता सिनेमानेच तिला उत्तर दिलं होतं, की सोसलं तर नवरा वळतो. मी फक्त गप्प बसायचं होतं. मी म्हणालो, “हां. दखं.”

चार दिवसांनी ती धुळ्याला गेली. मशीन दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

पण एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, असं म्हणून बाजूला ठेवलं असतं. खरी गोष्ट पुढची आहे.

नऊ वर्षांनी, मे महिन्यात, सिंधू पोरीला घेऊन जळगावला माझ्याकडे आली. सोबत पत्र्याची पेटी. सुट्टीला येणारी बाई पेटी आणत नाही. मी ती उचलून आत ठेवली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती.

तोवर घरोघरी केबल आली होती. आमच्या गल्लीचा केबलवाला दुपारी स्वतःचे व्हिडिओ लावायचा. तो कशाला काही कापेल? सिनेमा जेवढा लांब, तेवढ्या सराफांच्या आणि साडीच्या दुकानांच्या जाहिराती त्यात बसायच्या. एका दुपारी पडदे ओढलेले, कूलर चालू, खोलीत पाण्याखाली असल्यासारखा निळा उजेड. आणि समोर तोच सिनेमा लागला.

मी उठून बंद करू शकलो असतो. उठलो नाही.

बाईने पोर घेतलं. घर सोडलं. खोलीची किल्ली फिरवली. मशीनचं चाक फिरू लागलं. सिंधू तुरीची डाळ निवडत होती, तिचा हात सुपात थांबला. अठरा मिनिटं ती हलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, हाई तवय कोठे व्हतं?”

हे तेव्हा कुठे होतं? नऊ वर्षांपूर्वी जे सांगायचं टाळलं, तेच आता प्रश्न होऊन माझ्यापुढे येऊन बसलं होतं. आता मला पगार होता, दोन खोल्या होत्या. आकडा झेपत होता. मी मनात मांडूनही पाहिला, झेपत होता.

मी म्हणालो, “तुले डुलकी लागनी व्हई.”

तिने लगेच मान्य केलं. हसली सुद्धा. “लागनी व्हई. मनी झोपच तशी मेली! पोर मांडीवर व्हती ना.” मग पुन्हा पडद्याकडे बघत, हळू, जणू त्या बाईलाच विचारल्यासारखं म्हणाली, “आपलंच चुकनं मंग. नेमकं तेच दखानं राही गयं.”

आपलंच चुकलं, असं ती म्हणाली. माझ्या समोर, माझ्या घरात. आणि मी चहा मागवला.

संध्याकाळी तिने विचारलं, आता या वयात शिवणकाम कोण देईल, बोटंही अशी. मी विचार करण्याचं नाटक केलं आणि म्हणालो, अवघड आहे. पोरीची शाळाही धुळ्यालाच आहे, असंही म्हणालो. तिने मान हलवली. माझं म्हणणं हिशेबाला धरून असतं, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना एस.टी.च्या स्टँडवर नेलं. पेटी मी टपावर चढवली. पैसे देऊ नको म्हणून ती खिडकीतून हात हलवत राहिली, मी ऐकलं नाही. एक फुल, एक हाफ, धुळे. चाळीस रुपये पन्नास पैसे. कंडक्टरला दिले, सुटे.